आलेख आणि त्याचे मूळ
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आज चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्हांस फारसा विचार करावा लागला नाही. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, काटकसर, उद्योगधंदे अशा मोठ्या विषयांवर विद्वान् वक्त्यांची भाषणे झाली आहेत. त्या मानाने आमचा विषय अगदीच किरकोळ वाटेल. संगणकावरील सादरीकरणात आपण जो आलेख घालतो, तो ऐन वेळी उघडत नाही याचे कारण काय आणि त्यावर उपाय काय, एवढाच तो विषय आहे. परंतु याच किरकोळ गोष्टीपायी आपल्या मंडळात एकदा विश्वासाचा आणि एकदा एका घराच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला. आणि दोन्ही वेळा चूक आमची स्वतःची होती. ती आपणांपुढे मोकळेपणी मांडावी आणि तीतून जे शिकलो ते सांगावे, इतकाच आमचा हेतू आहे.

प्रथम २०२३ सालच्या वार्षिक सभेची हकीकत सांगतो. विद्यार्थी-साहाय्य निधीचा मागील दहा वर्षांचा खर्च सभेपुढे मांडण्याचे काम आमच्याकडे होते. पूर्वी आम्ही छापील तक्ता वाटत असू. तो वाचणारे थोडे आणि घडी घालून खिशात ठेवणारे फार. म्हणून त्या वर्षी आकडे एक्सेलमध्ये मांडून त्यांचा स्तंभालेख केला आणि तो पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर आणून ठेवला. घरच्या संगणकावर सारे यथास्थित दिसत होते. सभेच्या दिवशी सादरीकरणाची फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर घेऊन आम्ही सभागृहात गेलो. पडद्यावर दहा वर्षांचे दहा खांब उभे राहिले आणि सभासद कौतुकाने पाहू लागले.

इतक्यात पुढच्या रांगेतील एका वयोवृद्ध सभासदांनी हात वर केला. ते म्हणाले, “अहो, २०२०-२१ सालचा हा खांब एवढा आखूड कसा? त्या वर्षी वर्गणी नेहमीपेक्षा अधिक जमली, असे आपणच अहवालात छापले होते. मग पैसे गेले कोठे?”

प्रश्न रास्त होता. “आत्ता दाखवितो, अप्पा,” असे म्हणून आम्ही आलेखावर उजवी टिचकी मारली आणि ‘एडिट डेटा’ हा पर्याय निवडला. आलेखामागचा तक्ता उघडेल अशी आमची अपेक्षा होती. त्याऐवजी एक चौकट उमटली. जोडलेली फाइल उपलब्ध नाही, सबब ती अद्ययावत करता येत नाही, अशा आशयाचा इंग्रजी मजकूर तीत होता. पुन्हा टिचकी मारली, पुन्हा तीच चौकट आली. मागील रांगांतून थोडे हसू ऐकू आले आणि कोणीतरी अर्धवट थट्टेने म्हणाले, “आकडे झाकून तर ठेवले नाहीत ना?”

तो शब्द आम्हांस झोंबला. परंतु शांतपणे विचार करता विचारणाराचे काही चुकले नव्हते. चार लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवणाराने विचारल्याक्षणी वही उघडून दाखविली पाहिजे, हा आपल्या वाडवडिलांचा दंडक आहे. आमची वही त्या क्षणी उघडत नव्हती, आणि न उघडणाऱ्या वहीविषयी लोकांनी शंका घेऊ नये असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

त्या वेळी आपल्याच एका सभासदांची कन्या पुढे आली. ती वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. चौकटीतील मजकूर वाचून ती म्हणाली, “काका, आलेख बिघडलेला नाही. तो ज्या वहीवरून काढला, ती वही तुमच्या घरी राहिली आहे.” तिने आमच्या घरी दूरध्वनी करून मूळ एक्सेलची फाइल मागवून घेतली. ती सभागृहातील संगणकावर ठेवून पॉवरपॉइंटच्या ‘फाइल’ या सदराखालील ‘इन्फो’ उघडले. तेथे उजव्या बाजूस खाली ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ असा पर्याय होता. त्यातील ‘चेंज सोर्स’ निवडून नव्या जागेची फाइल दाखविताच तक्ता उघडला. २०२०-२१ साली महामारीमुळे वसतिगृहे बंद होती, म्हणून वसतिगृह-साहाय्याची रक्कम दिली गेली नव्हती. त्याच वर्षी काही घरांना औषधपाणी आणि किराणा यांसाठी दिलेली मदत दुसऱ्या खात्यावर पडली होती. दोन्ही रकमा शेजारी शेजारी दिसताच अप्पा म्हणाले, “एवढेच ना? मग ठीक आहे.” आणि ते खाली बसले. परंतु मधली वीस मिनिटे आम्ही कशी काढली, ते आमचे आम्हांसच ठाऊक!

आता हे घडले कसे, ते पाहू. कागदावर काढलेल्या आलेखाच्या बाबतीत असा घोळ होत नाही. १७८६ साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थांनी आपल्या ग्रंथात व्यापाराचे आकडे रेषांनी आणि खांबांनी दाखविले. तेव्हापासून दोनशे वर्षे आलेख म्हणजे कागदावरील एक चित्र, एवढाच अर्थ होता. संगणकाने मात्र आलेखास एक मूळ दिले. पॉवरपॉइंट हे साधन १९८७ साली प्रथम मॅकिन्टॉश संगणकासाठी निघाले आणि त्याच वर्षी ते मायक्रोसॉफ्ट या कंपनीने विकत घेतले. पुढे १९९० च्या सुमारास एका साधनात तयार केलेली वस्तू दुसऱ्या साधनात ठेवण्याची युक्ती त्या कंपनीने प्रचारात आणली. तिचे नाव ‘ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग’ असे आहे. या नावातच दोन निरनिराळ्या क्रिया आहेत आणि आपला सारा गोंधळ त्या दोहोंतील भेद न कळल्यामुळे होतो.

‘एम्बेडिंग’ म्हणजे अंतर्भूत करणे. अहवालाच्या पानामागे आपण खतावणीची वहीच शिवून टाकावी, तसे हे आहे. अहवाल जेथे जाईल तेथे वहीही जाईल. ‘लिंकिंग’ म्हणजे नुसता जोड देणे. अहवालात आपण ‘खतावणी पाहा, कपाट दुसरे, खण तिसरा’ एवढेच लिहावे, तसे हे आहे. कपाट जाग्यावर आहे तोवर ठीक. अहवाल घेऊन परगावी गेलो की ते कपाट तेथे नसते. आमच्या आलेखात हीच गोष्ट झाली होती. त्यात घरच्या संगणकावरील फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता आणि तो पत्ता सभागृहातील संगणकाला निरुपयोगी होता.

कोणी म्हणेल, मूळ वही नव्हती तर खांब तरी पडद्यावर कसे दिसले? याचे कारण असे की, आलेख आपल्याजवळ शेवटच्या आकड्यांची एक नक्कल ठेवतो आणि तिच्यावरून चित्र उभे करतो. म्हणूनच हा दोष आगाऊ लक्षात येत नाही. चित्र ठणठणीत दिसते आणि मूळ तुटल्याचे विचारणा झाली म्हणजेच कळते. दुसरी गोष्ट अशी की, एक्सेलमधून आलेख उचलून पॉवरपॉइंटमध्ये नेहमीच्या रीतीने चिकटविला, तर तो आपोआप जोड देऊनच चिकटतो. आम्ही जोड मागितला नव्हता. तो न मागता मिळाला होता. चिकटविल्यावर आलेखाच्या कोपऱ्याशी जे लहान चिन्ह उमटते, त्यावर टिचकी मारली असता वही अंतर्भूत करावी, जोड द्यावा, की नुसते चित्र ठेवावे, असे पर्याय दिसतात. ते चिन्ह आम्ही आजवर कधी निरखून पाहिलेच नव्हते.

आलेख उघडत नाही असे दिसताच घाबरून जाऊन वाटेल तेथे टिचक्या मारू नयेत. वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तद्वत् आधी चौकटीतील मजकूर संपूर्ण वाचावा. आमच्या अनुभवास आलेली आणि मागाहून आम्ही समजून घेतलेली कारणे क्रमाने सांगतो.

पहिले कारण वर सांगितलेच: जोडलेली फाइल जागेवर नसणे. फाइलचे नाव बदलले, ती दुसऱ्या कप्प्यात हलविली, किंवा पेन ड्राइव्हला नव्या संगणकाने निराळे अक्षर दिले, तरी जोड तुटतो. उपाय ‘चेंज सोर्स’ हाच होय. सादरीकरण आणि मूळ तक्ता एकाच कप्प्यात ठेवावे आणि कोठेही नेताना तो अख्खा कप्पाच न्यावा, म्हणजे शोधाशोध वाचते.

दुसरे कारण संरक्षणाचे. टपालाने किंवा महाजालावरून आलेली फाइल संगणक पुष्कळदा केवळ वाचण्यापुरती उघडतो आणि वरच्या बाजूस एक पिवळी पट्टी दाखवितो. तोवर आलेखातील आकड्यांस हात लावता येत नाही. पाठविणारा आपल्या माहितीचा आणि भरवशाचा असेल, तरच ‘एनेबल एडिटिंग’ हे बटण दाबावे. जोड अद्ययावत करावेत काय, असा प्रश्न फाइल उघडताना येतो, त्यासही हाच नियम लावावा. अनोळखी माणसाने आणून दिलेली किल्ली आपण आपल्या तिजोरीस लावीत नाही.

तिसरे कारण ज्या साधनात आलेख तयार झाला त्या साधनासंबंधीचे. आलेख अंतर्भूत असला तरी तो उघडावयास ते साधन त्या संगणकावर असावे लागते. ते नसेल, तर साधन किंवा मूळ फाइल सापडत नाही असा संदेश येतो. शास्त्रीय आलेखांची निराळी साधने वापरणाऱ्या आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कधी कधी साधन असते, परंतु ते गुंतलेले असते. मागे एक्सेलमध्ये एखादी चौकट उत्तराची वाट पाहत उघडी असते, किंवा एखाद्या रकान्यात आपण आकडा लिहिता लिहिता तसाच सोडलेला असतो. ती चौकट मिटवावी, आकडा पुरा करून एंटर दाबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. एवढ्याने काम न झाल्यास दोन्ही साधने बंद करून पुन्हा उघडावीत. आणखी एक साधी गोष्ट अशी की, सादरीकरण पडदाभर चालू असताना आलेखामागचा तक्ता उघडत नाही. आधी त्यातून बाहेर यावे लागते.

चौथे कारण जुनेपणाचे. २००७ सालापूर्वीच्या पॉवरपॉइंटमध्ये आलेखासाठी ‘मायक्रोसॉफ्ट ग्राफ’ नावाचे निराळे साधन होते; २००७ पासून ते काम एक्सेलकडे आले. मंडळाच्या जुन्या सादरीकरणांतील आलेख उघडताना अडचण येते ती यामुळे. नवे साधन रूपांतर करावे काय असे विचारते. तेव्हा आधी फाइलची एक प्रत बाजूस ठेवून मगच होकार द्यावा.

आणि मूळ फाइल कायमचीच हरवली असेल तर? तरीही अगदी निराश होण्याचे कारण नाही. आलेखाजवळ नक्कल असते हे आम्ही सांगितलेच. आलेखावर उजवी टिचकी मारून ‘ॲड डेटा लेबल्स’ निवडले, तर प्रत्येक खांबावर त्याचा आकडा उमटतो. ते आकडे उतरवून घेऊन तक्ता पुन्हा मांडता येतो. आलेख अंतर्भूत असेल आणि तरीही उघडत नसेल, तर आणखी एक वाट आहे. २००७ नंतरच्या पद्धतीची पॉवरपॉइंट फाइल म्हणजे वस्तुतः अनेक लहान फाइलींचे एक गाठोडे असते. तिची प्रत करून त्या प्रतीच्या नावाचा शेवट ‘पीपीटीएक्स’ ऐवजी ‘झिप’ असा केला की गाठोडे सुटते. आतील ‘पीपीटी’ या कप्प्यात ‘एम्बेडिंग्ज’ नावाचा कप्पा असतो आणि त्यात एक्सेलची वही जशीच्या तशी सापडते.

श्रोतेहो, आमच्या दुसऱ्या चुकीची हकीकत येथूनच सुरू होते. सभेतील फजितीनंतर आम्ही निश्चय केला की यापुढे मूळ हरवू द्यावयाचे नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही तोच आलेख वही अंतर्भूत करून नव्याने चिकटविला. आमच्या संगणकावर उघडून पाहिला, दुसऱ्याच्या संगणकावरही पाहिला. तक्ता तत्काळ उघडला. मोठ्या समाधानाने ते सादरीकरण आम्ही सर्व सभासद-कुटुंबांना व्हॉट्सॲपवरून धाडून दिले. ‘ज्यांना आकडे पाहावयाचे असतील त्यांनी अवश्य पाहावेत,’ असेही वर लिहिले.

दोन दिवसांनी एक भगिनी आमच्या घरी आल्या. त्यांच्या यजमानांच्या निधनानंतर त्यांच्या मुलाच्या शिक्षणास निधीतून साहाय्य दिले जात होते. त्या रागावल्या नव्हत्या. चहा घेतला, मुलाची प्रगती सांगितली, आणि उठताना म्हणाल्या, “भाऊ, मंडळाने आम्हांला हात दिला, हे आम्ही जन्मभर विसरणार नाही. पण आमच्या घरात महिन्याला किती पैसे येतात, हे शेजारच्या मुलाने माझ्या मुलाला वाचून दाखवावे, असे तुमच्या मनात नव्हते ना?”

आम्ही अवाक् झालो. संगणक उघडला आणि सारे ध्यानात आले. आलेख ज्या तक्त्यावरून काढला होता तो वहीचे पहिले पान होता. दुसऱ्या पानावर साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे, पालकांचे उत्पन्न आणि प्रत्येकास दिलेली रक्कम होती. आलेख अंतर्भूत करताना केवळ त्याचे आकडे जातात, असे आम्ही समजत होतो. वस्तुतः संपूर्ण वही, तिच्या सर्व पानांसह, आलेखामागे जाते. पान झाकून ठेवलेले असले तरी जाते आणि जाणकार मनुष्य ते क्षणात उघडे करतो. एका खांबाचे उत्तर देण्याच्या भरात आम्ही अनेक घरांच्या चुली उघड्या केल्या होत्या.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ सालीच संमत केला आहे. परंतु कायद्याची गोष्ट घटकाभर बाजूस ठेवू. गरजू विद्यार्थ्यास दिलेले साहाय्य दिल्या हाताचे त्या हातास कळू नये, ही आपली जुनी रीत आहे. साहाय्य देताना आम्ही ती पाळली आणि त्याचा हिशेब देताना मोडली. आम्ही ती फाइल मागे घेतली, प्रत्येक घरी स्वतः जाऊन ती पुसून टाकण्याची विनंती केली आणि त्या भगिनींची व अन्य कुटुंबांची क्षमा मागितली. सर्वांनी उदार मनाने क्षमा केली. तथापि एकदा वाचलेले अक्षर न वाचलेले होत नाही, हे शल्य आमच्या मनात आहे आणि ते राहावे हेच योग्य.

या दोन अनुभवांतून आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. आलेखाचे मूळ हरवू नये, आणि ते उघड्यावरही पडू नये. पहिल्या चुकीने हिशेबावरचा विश्वास डळमळतो, दुसरीने ज्यांच्यासाठी तो हिशेब आहे त्यांचाच मान जातो. यास्तव मंडळाच्या कामात आम्ही आता एक शिस्त पाळतो. आलेखासाठी निराळी वही करावयाची आणि तीत केवळ वार्षिक बेरजा लिहावयाच्या. नावानिशीची वही तिच्या आसपासही ठेवावयाची नाही. सभेत दाखवावयाच्या सादरीकरणात ही बेरजांची वही अंतर्भूत करावयाची, म्हणजे विचारणा होताच ती उघडता येते. घरोघर धाडावयाच्या प्रतीत आलेखाचे नुसते चित्र ठेवावयाचे, किंवा सारे सादरीकरण पीडीएफ करूनच धाडावयाचे. आणि सभेपूर्वी अर्धा तास आधी जाऊन, जेथे दाखवावयाचे त्याच संगणकावर प्रत्येक आलेख उघडून पाहावयाचा. तो तेथे उघडला नाही, तर अर्ध्या तासात दुरुस्त होतो. सभेत उघडला नाही, तर त्याची दुरुस्ती वर्षभर करावी लागते.

तरुण मंडळींस आमची विनंती आहे की, आम्हां वडील माणसांना या गोष्टी शिकविताना संकोच करू नये. त्या दिवशी ती मुलगी ‘मोठ्यांच्या मध्ये कशास बोलू’ म्हणून गप्प बसली असती, तर अप्पांची शंका शंकाच राहिली असती. सांगण्यास आनंद वाटतो की, निधीचे हिशेब आता तीच पाहते आणि आम्ही तिच्या हाताखाली काम करतो. वडिलधाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच की, अप्पांप्रमाणे प्रश्न अवश्य विचारीत जावे. पडद्यावरचे रंगीत खांब पाहून संतुष्ट होऊ नये; त्यांच्यामागची वही मागावी. आणि आम्ही पदाधिकाऱ्यांनी ती दाखवावी, परंतु तिचे कोणते पान सर्वांचे आणि कोणते एकेका घराचे, याचा विवेक कधी सोडू नये.